खोलीची खोली

सकाळी ६:४०

पेण तालुक्यातल्या गडब गावावर धुकं आहे. जानेवारीतलं, अंगाला चिकटणारं. महामार्गावरून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे ट्रेलर चाललेत, त्यांचे फक्त दिवे दिसतात. कासूच्या बाजूनं रेल्वेचा भोंगा ऐकू येतो.

दादूस लुंगीवर स्वेटर चढवून जागेवर आलाय. इथं मोठ्या भावाला दादूस म्हणतात आणि एकेरीतच बोलतात, म्हणून मीही तसंच लिहितो. त्याच्या हातात शंभर फुटी टेप. खांद्यावरच्या पिशवीत खुंट्या, सुतळीचं बंडल, खडू, हातोडी. तो ड्राफ्ट्समन. आयटीआयचा दोन वर्षांचा सिव्हिलचा कोर्स, मग पेणला एका ऑफिसात बरीच वर्षं टेबलावर वाकून काम. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा तिथले ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघाले. त्यातला एक त्यानं दोनशे रुपयांना उचलून घरी आणला. आता तो ओटीवर बसून लोकांना त्यांचं न बांधलेलं घर काढून देतो.

जागा वयनींची, म्हणजे वहिनींची, आहे. जुन्या घराची पुढची बाजू महामार्गाच्या रुंदीकरणात गेली. २०११ पासून हा रस्ता रुंद होतोय. आलेल्या पैशांतून मागच्या जागेत नवं घर. नकाशा पेणहून आलाय: पुढून बत्तीस फूट, खोल चोवीस फूट, समोर आठ फुटांची पडवी, दोन फुटांचं जोतं, पाच खांब. नकाशा हातात घेऊन वयनी चार दिवस बसल्या आणि मग दादूसकडे आल्या.

"मना नकाशा कलत नाय. तू घर दाखव."

सकाळी ७:०५

त्यानं पहिला प्रश्न विचारला तो घराविषयी नव्हताच. "वयनी, बाजारातून येतेस तवा घर पयलं कुठून दिसतं?"

वयनी चालत गेल्या. चिंचेखाली थांबल्या. तिथं रोज डोक्यावरची पाटी सावरायला थांबतात म्हणाल्या. दादूसनं त्यांच्या पायाशी खुंटी ठोकली. घराच्या जवळच्या कोपऱ्यापासून टेप ताणली. पन्नास फूट चार इंच. चार इंच सोडून दिले.

मग काठी उभी धरून वयनींच्या डोळ्याची उंची घेतली. पावणेपाच फूट.

राहिला कोन. त्यानं नजरेच्या रेषेला काटकोनात, कोपऱ्यातून आडवी सुतळी ताणली. पुढच्या भिंतीच्या आखणीवर दहा फूट चालत गेला आणि तिथून सुतळीपर्यंतचं सरळ अंतर मोजलं. पाच फूट. दहाला पाच, म्हणजे तीस अंश. बाजूची भिंत आपोआप साठ अंशांवर आली.

"झाला," तो म्हणाला. "आता घर कुटं जात नाय."

सकाळी ८:४०

चहा, पेणचे पोह्याचे पापड भाजलेले. ओटीवर दोन स्टुलं, त्यावर बोर्ड. ए-टू कागद पंचवीस रुपयांचा. चारी कोपऱ्यांना टेप. पेन्सिली तीन: टू-एच, एच, एचबी. ब्लेडनं लाकूड लांब सोलायचं आणि शिसं सँडपेपरवर घासून चपटं करायचं, छिन्नीसारखं. गोल टोक दहा रेषांत बोथट होतं, चपटं टिकतं.

प्रमाण ठरलं: एक फूट म्हणजे अर्धा सेंटिमीटर.

सकाळी ९:१०

कागदाच्या वरच्या भागात एक आडवी रेघ. ही डोळ्याची पातळी. तिच्यावर कोपऱ्याच्या बरोबर समोरचा मध्य. मध्याखाली सरळ पंचवीस सेंटिमीटरवर एक ठिपका. हे पन्नास फूट. हा ठिपका म्हणजे चिंचेखाली उभ्या वयनी.

त्या ठिपक्यावर तीस-साठचा गुण्या ठेवून दोन रेघा निघाल्या, दोन भिंतींना समांतर. उजवीकडची आडव्या रेघेला मध्यापासून ४३.३ सेंटिमीटरवर भेटली, डावीकडची १४.४ वर. हे दोन व्हॅनिशिंग पॉइंट. पुढच्या भिंतीच्या सगळ्या आडव्या रेघा उजव्या बिंदूकडे धावणार, बाजूच्या भिंतीच्या डाव्याकडे. दोघांत अंतर ५७.७. कागद ५९.४ रुंद. दोन्हीकडे एकेक सेंटिमीटरही उरला नाही.

दोन्ही बिंदूंवर टाचण्या ठोकल्या आणि त्यांना नायलॉनचा काळा दोरा बांधला. दोरा ताणला की रेघेची दिशा मिळते, पट्टी हलवत बसावं लागत नाही. ही युक्ती पेणच्या ऑफिसातली.

इथपर्यंत शाळेतल्या पोरालाही येतं. दोन बिंदू, चार रेघा, झालं घर. पण भिंत मागे कुठं संपते? दुसरा खांब कुठं उभा राहतो? इथं बहुतेक जण डोळ्याला बरं दिसेल तिथं रेघ मारून मोकळे होतात. उंचीला माप आहे, कारण जवळचा कोपरा खऱ्या उंचीचा आहे. खोलीला मात्र अंदाज. आणि घर बांधणाऱ्याचा सगळा जीव त्या खोलीत असतो. खाट आत मावेल का, पडवीत भाताची पोती रचून माणसाला जायला वाट राहील का. मराठीत खोली म्हणजे राहायची जागा आणि खोली म्हणजे ती किती आत जाते ते, दोन्हींना शब्द एकच.

सकाळी १०:१५

मी विचारलं, आत जाणारी लांबी कागदावर मोजायची कशी? पट्टी तर कागदात शिरत नाही.

दादूसनं खराट्यातून दोन हीर ओढले. सारख्या लांबीचे तोडले. दोन्हींवर सारख्या अंतरानं नखानं चार-चार खुणा केल्या. जमिनीवर एक हीर माझ्यासमोर आडवा ठेवला. दुसऱ्याचं टोक पहिल्याच्या टोकाला भिडवून तो तिरपा आत वळवला, भिंतीसारखा.

"आडवा हाय त्याचा माप तुला खरा दिसतो. तिरप्याचा नाय दिसत. आता खुणा जोड."

मी आडव्यावरची पहिली खूण तिरप्यावरच्या पहिल्या खुणेला काडीनं जोडली. दुसरी दुसरीला. तिसरी तिसरीला. चौथीपर्यंत जाण्याआधीच लक्षात आलं, सगळ्या काड्या एकमेकींना समांतर आहेत.

"समांतर हायत ना? मग त्या पण लांब जाऊन एका ठिकाणी भेटणार. तो ठिकाण धरायचा."

ते ठिकाण म्हणजे मेजरिंग पॉइंट. काढायला अगदी सोपा. उजव्या व्हॅनिशिंग पॉइंटपासून वयनींच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजायचं: ५० सेंटिमीटर. तेवढंच अंतर त्याच बिंदूपासून डोळ्याच्या रेघेवर आडवं टाकायचं. खूण मध्याच्या डावीकडे ६.७ वर आली. डाव्या बिंदूचं अंतर २८.९, त्याची खूण मध्याच्या उजवीकडे १४.४ वर. कंपास एवढा उघडत नाही, म्हणून तो पट्टीनंच घेतो.

दोन्ही खुणांवर आणखी दोन टाचण्या. यांना लाल दोरा, म्हणजे चुकून काळ्याशी घोटाळा नको.

सकाळी ११:००

घराच्या जवळच्या कोपऱ्याचा पाय डोळ्याच्या रेघेखाली २.४ सेंटिमीटरवर. पावणेपाच फूट म्हणजे तेवढंच. तिथून आडवी जमिनीची रेघ. तिच्यावर उजवीकडे चार-चार सेंटिमीटरच्या खुणा: आठ, सोळा, चोवीस, बत्तीस फूट. खरी मापं. आता प्रत्येक खूण लाल दोऱ्यानं मेजरिंग पॉइंटला जोडायची. दोरा भिंतीच्या पायाची रेघ जिथं छेदेल तिथं खांब.

त्यानं एक दोरा ताणला आणि सोडून दिला.

कारण मलाही दिसलं. डोळा जमिनीपासून फार वर नाही, त्यामुळे दोन्ही रेघा जवळजवळ आडव्या. त्या एकमेकींना छेदत नाहीत, घासून जातात. छेद नेमका कुठं, ते शिशाच्या जाडीवर ठरणार. भिंतीच्या पार टोकाला अर्धा मिलिमीटर चुकला तर प्रत्यक्षात अडीच इंच. बाजूच्या भिंतीच्या मागच्या टोकाला तर जवळजवळ पाच. घर जितकं आत जातं तितकी चूक महाग होते.

"पाया खणायचा," तो म्हणाला.

त्यानं डोळ्याच्या रेघेखाली १२ सेंटिमीटरवर दुसरी आडवी रेघ मारली. जणू घराखाली खोल तळघर आहे आणि माप तिथं घ्यायचं आहे. खुणा सगळ्या तिथं उतरवल्या. आता भिंतीची रेघ चांगली तिरपी चढते, दोरे तिला स्वच्छ कापतात. जिथं कापलं तिथून सरळ उभी रेघ वर, खऱ्या जमिनीपर्यंत. जमीन वर घ्या नाहीतर खाली, उभ्या रेघा जागा सोडत नाहीत.

मी आजवर कितीतरी चित्रं पाहिली. चित्राखाली असा न दिसणारा पाया असतो हे पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी १२:१०

खांब उभे राहिले. मी आडवी अंतरं पट्टीनं मोजली. पहिले आठ फूट ३.२ सेंटिमीटर. पुढचे आठ २.८. मग २.४. शेवटचे २.१. जमिनीवर चारी सारखे.

घर कागदावर सगळं मिळून पंधरा सेंटिमीटरही नाही. दोन्ही बिंदू कागदात बसवायचे तर घर एवढंच राहतं. उद्या वडखळला झेरॉक्सवर दुप्पट करायचं. मिनीडोरचं जाऊन-येऊन भाडं आणि मोठी झेरॉक्स, शंभराची नोट मोडते. चूकही दुप्पट होते, म्हणून टू-एच.

दुपारी १:१५

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. वाल ओटीसमोरच्या शेतातलाच, भात निघाल्यावर पेरलेला. जेवताना तो बोलत नाही. हात धुताना बोटांवरचं शिसं गेलंय का ते उजेडाकडे धरून बघतो. कागदाला तेलकट बोट लागलं तर सकाळपासूनचं काम गेलं.

दुपारी २:२०

बाजूची भिंत. चोवीस फूट खोल, त्यातली पुढची आठ फूट पडवी, मागे सोळा फुटांची खोली. तळघराच्या रेघेवर डावीकडे चार आणि बारा सेंटिमीटर. दुसऱ्या टाचणीचा लाल दोरा. छेद, उभी रेघ, छेद, उभी रेघ.

अख्खी भिंत आडव्यात ४.२ सेंटिमीटर. त्यातली पडवी १.८.

आठ हा चोविसाचा तिसरा हिस्सा. अंदाजानं रेघ मारणारा ४.२ चा तिसरा हिस्सा घेईल: १.४. तसं केलं असतं तर कागदावरची पडवी सव्वासहा फुटांची झाली असती. पावणेदोन फूट पडवी कागदावरच गेली असती, आणि वयनींनी तेवढ्यावरच हो किंवा नाही म्हटलं असतं.

उलटंही होतं. वयनींच्या मुलाच्या मोबाईलवर कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं याच घराचं रंगीत चित्र आहे. पडवी त्यात लग्नाच्या हॉलसारखी दिसते, समोर परदेशी झाडं आणि एक लाल गाडी. दादूसनं ते पाहिलं तेव्हा एवढंच विचारलं, "बगणारा उभा कुटं हाय?" बघणारा घराच्या तोंडाशी उभा होता. तिथून जवळचं राक्षसासारखं मोठं दिसतं आणि मागचं पळून जातं. मापं खरी असतील, पण तिथं उभं राहून कुणीच घर बघत नाही. चिंचेखाली खुंटी ठोकली ती याचसाठी.

दुपारी ४:००

आळीतली दोन पोरं आली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलीत, आठवड्यातून दोनदा येतात. फी नाही. येताना एकानं वालाच्या शेंगा आणल्या होत्या.

त्यांच्या स्मरणचित्रातले विजेचे खांब सगळे सारख्या अंतरावर होते. दादूस त्यांना बाहेर घेऊन गेला. रस्त्याकडेच्या खऱ्या खांबांसमोर उभं केलं. हात लांब करून पेन्सिल आडवी धरायला लावली.

मग पाटीवर काढून दाखवलं. पहिला खांब, दुसरा खांब. दुसऱ्याचा मध्य. पहिल्याच्या डोक्यावरून त्या मध्यातून रेघ सोडली की ती जमिनीला टेकते तिथं तिसरा. तिसऱ्याच्या मध्यातून चौथा. पोरगं सातव्या खांबापर्यंत गेलं आणि मग हसायला लागलं. खांब आपोआप जवळ येत होते, कुणी अंदाज केला नव्हता.

दुपारी ४:४५

त्याच युक्तीनं दादूसनं स्वतःचं काम तपासलं. पुढच्या भिंतीच्या चौकटीचे दोन कर्ण जोडले. भिंतीची लांबी आडव्यात १०.५, पण कर्ण मध्यावर, ५.२५ वर, भेटले नाहीत. ६ च्या किंचित अलीकडे भेटले. मधला खांब तिथंच होता. सोळा फुटांवर.

मग पडवीत दोन-दोन फुटांच्या फरशा आखल्या आणि त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यातून पट्टी लावली. सगळे कोपरे एका सरळ रेघेत. ही तपासणी जुनी आहे. फ्लॉरेन्सच्या लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीनं १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात फरशीची जमीन मापानं मागे कशी न्यायची ते सांगून हेच म्हटलंय: चौकोनांमधून जाणारा कर्ण सरळ आला तर काम बरोबर. १७१५ मध्ये ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञानं कुठल्याही दिशेच्या रेघांसाठी याचं शास्त्र बसवलं. दादूसला ही नावं ठाऊक नाहीत. त्याला हे ऑफिसातल्या हेड ड्राफ्ट्समननं शिकवलं, पहिल्या महिन्यात, फरशांवरूनच.

संध्याकाळी ५:३०

शाई. आधी जवळचा कोपरा, जाड. मागे जाईल तशी रेघ बारीक. मग सामान, सगळं मापात: चार पोती, एक झोपाळा, कडेला सायकल. अंगणात एक बाई उभी. वयनींच्या उंचीची. तिचे डोळे बरोबर आडव्या रेघेवर, कारण सपाट जमिनीवर सारख्या उंचीची माणसं कितीही लांब उभी केली तरी त्यांचे डोळे त्याच रेघेवर येतात. पडवीत दुसरी बाई बसवली. नकाशात होत्या तिथंच मधोमध पायऱ्या.

दोरे सोडले. टाचण्या तशाच ठेवल्या.

संध्याकाळी ६:४५

वयनी आल्या. कनवटीचा रुमाल सोडून आधी हजार रुपये बोर्डाच्या कडेला ठेवले. ठरलेत अठराशे, कागद-झेरॉक्स धरून. दोन दिवसांचं काम.

मग कागदाकडे बघितलं. बराच वेळ. पहिल्यांदा बोट ठेवलं ते अंगणातल्या बाईवर.

"ही मी?"

"तूच."

बोट अंगणातून निघालं. सावकाश, पावलं टाकल्यासारखं. पायऱ्यांपाशी आलं. एक, दोन, तीन पायऱ्या चढलं. आणि थांबलं.

"दादूस, यो खांब वाटेत हाय."

पाच खांब, चार गाळे. मधला खांब बरोबर पायऱ्यांच्या माथ्यावर, दाराच्या समोर. नकाशात तो एक लहान काळा चौकोन होता. सगळ्यांनी तो पाहिला होता. मुलानं, गवंड्यानं, दादूसनं, मीही. दिवसभर मी त्याच खांबाचं अंतर मोजत होतो आणि ते बरोबर आल्यावर खूश झालो होतो.

"डोक्यावर भाताचा भारा घेऊन मी वर चढणार, आनी समोर खांब," वयनी म्हणाल्या. "मधला काढ."

दादूस लगेच हो म्हणाला नाही. मधला काढला तर आठाऐवजी सोळा फुटांचा गाळा. वरचा बीम जाड होणार, सळई वाढणार, ते इंजिनिअरला विचारावं लागेल. एका खांबाचं सिमेंट वाचेल, पण बीममध्ये त्याहून जास्त जाईल. त्यानं हे सगळं सांगितलं. वयनींनी ऐकून घेतलं.

"किती जाईल ते इचार. पन खांब काढ."

मग त्या परत दाराकडे वळल्या. दाराची डावी कड दुसऱ्या खांबाआड घासून जात होती. दादूसनं सांगितलं, चिंचेखालून दोन पावलं उजवीकडं सरकलीस की सुटेल ती. वयनींनी मान हलवली. तेवढं चालेल.

रात्री ७:४०

वयनी गेल्या. दादूसनं ब्लेड काढलं. शाईची रेघ रबरानं जात नाही, कागद हलका खरवडावा लागतो, एका दिशेनं. मधला खांब वरून खाली गेला. भुकटी फुंकली. खरवडलेली जागा नखाच्या पाठीनं घोटून गुळगुळीत केली, नाहीतर उद्या शाई पसरेल.

मग काळा दोरा पुन्हा उजव्या टाचणीला बांधून ताणला. सोळा फुटांच्या बीमची खालची कड वयनींच्या डोक्यावरच्या भाऱ्याच्या किती वर राहते, ते बघायला.